जुनी ऑस्ट्रेलियन कॅरावॅन कुणी बनवली ते शोधायचंय: ट्रोव्ह, डिरेक्टरी, कंपनीची फाइल की आधी लिनोलियम उचकटायचं?

मागच्या हिवाळ्यात (म्हणजे इथल्या, जून-जुलैच्या) आम्ही मेलबर्नच्या बाहेर एका शेडमधून चौदा फुटी बाँडवुड कॅरावॅन (मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर) आणली. बाँडवुड म्हणजे प्लायवुडच हो, पण इथले जुने लोक असंच म्हणतात. पुढचा बॅज कुणीतरी काढून नेलेला, नुसती स्क्रूची दोन भोकं आणि बॅजच्या आकाराचा न उडालेला रंग. बायको म्हणाली आधी छत गळतंय ते बघ, कारखान्याचा इतिहास काय पळून चाललाय का. तिचं बरोबर होतं, पण मी दोन्ही एकदमच सुरू केलं आणि आता दोघातिघांनी विचारलंय की सुरुवात कुठून करू, ट्रोव्ह बघू की लायब्ररीत जाऊ की कंपनीचे कागद मागवू, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कुणालाही विचारा, पहिलं उत्तर ट्रोव्ह. नॅशनल लायब्ररी ऑफ ऑस्ट्रेलियाची फुकट साइट, २००९ पासून आहे, जुने पेपर स्कॅन करून ठेवलेत आणि पुण्यात बसूनही बघता येतात. मी पण तिथूनच सुरुवात केली आणि दोन आठवडे वाया घालवले, कारण एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. ट्रोव्हवरचे बहुतेक पेपर १९५४ ला थांबतात. कॉपीराइटचं कारण आहे. आणि कॅरावॅनचा खरा बहर कधीचा, तर साठ-सत्तरच्या दशकातला, सिडनीचे व्हायकाउंट आणि मिलर्ड, बॅलराटचे फ्रँकलिन, ब्रिस्बेनचे चेस्नी ही नावं रस्त्यावर सगळीकडे दिसायची ती तेव्हा. म्हणजे तुम्हाला हवा तो काळ सुरू होतो तिथंच पेपर संपतात.

अपवाद आहेत आणि ते सोन्यासारखे आहेत. कॅनबेरा टाइम्स १९९५ पर्यंत आहे, विमेन्स वीकली १९३३ ते १९८२, वॉकअबाउट मासिक १९३४ ते १९७४, पिक्स १९३८ ते १९७२. तुमचा कारखाना कॅनबेरापासून कितीही लांब असू दे, त्याचा डीलर कॅनबेरात असू शकतो आणि डीलरच्या जाहिरातीत मॉडेलचं नाव, लांबी आणि किंमत मिळून जाते. शिवाय गूगलच्या जुन्या पेपरांच्या संग्रहात द एज आणि सिडनी मॉर्निंग हेराल्डचे १९५४ नंतरचे अंक भरपूर आहेत, फक्त तिथं नावानं शोधून काही हाताला लागत नाही, तारीख उघडायची आणि शनिवारच्या छोट्या जाहिराती डोळे फाडून वाचायच्या. चहाचा थर्मास जवळ ठेवा.

ट्रोव्हचा दुसरा त्रास म्हणजे नावं. व्हायकाउंट टाका, आधी इंग्लंडचे सगळे लॉर्डसाहेब येतात आणि मग व्हायकाउंट नावाचं विमान, जे इथं १९५४ पासून उडत होतं. फ्रँकलिन टाकलं तर बेंजामिन फ्रँकलिन. ऑलिम्पिक नावाची पण कॅरावॅन होती, आता १९५६ मध्ये मेलबर्नलाच ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या, म्हणजे बघा. प्रॉपर्ट (हाही एक कॅरावॅनवाला) शोधताना प्रॉपर्टीच्या जाहिरातीत शेवटचं अक्षर नीट उमटलेलं नसलं की झालंच. म्हणून नुसतं नाव टाकू नका, नाव आणि कॅरावॅन दोन्ही अवतरणचिन्हात टाका, दशक निवडा आणि डावीउजवीकडे न बघता फक्त जाहिरातींचा फिल्टर लावा. संस्थापकाचं आडनाव कळलं की मग मृत्यूच्या बातम्यांचा फिल्टर, त्यात मुलांची नावं असतात आणि पुढचा धागा तिथून मिळतो.

आता डिरेक्टरी. हे ट्रोव्हच्या बरोब्बर उलट प्रकरण आहे: कंटाळवाणं, घरबसल्या अर्धवटच होणारं, पण खोटं न बोलणारं. कुठल्या रस्त्यावर, किती नंबरला, कुठला धंदा, वर्षागणिक छापलेलं. इथं मात्र सगळा खेळ राज्याचा आहे. मेलबर्नची सँड्स अँड मॅकडूगल डिरेक्टरी १९७४ पर्यंत निघाली आणि ॲडलेडची १९७३ पर्यंत, म्हणजे व्हिक्टोरिया किंवा साउथ ऑस्ट्रेलियाचा कारखाना असेल तर तुमची चंगळ. सिडनीची सँड्स मात्र १९३२-३३ लाच बंद पडली. सिडनीच्या साठच्या दशकातल्या कारखान्यासाठी सँड्स उघडणं म्हणजे दादरला जायला ठाण्याहून कर्जत लोकल पकडणं, त्यांनी सरळ स्टेट लायब्ररीत जुनी टेलिफोन डिरेक्टरी मागावी. मेलबर्नच्या डिरेक्टरीचीसुद्धा काही काही वर्षंच ऑनलाइन आहेत, बाकीसाठी लायब्ररीत मायक्रोफॉर्मच्या (फिल्मवर बारीक उतरवलेल्या पानांच्या) मशीनपुढे बसावं लागतं. मी तीन शनिवार बसलो, मान आखडली, पण ट्रोव्हच्या दोन आठवड्यांपेक्षा जास्त मिळालं. एक लक्षात ठेवा, छापील वर्षाची माहिती त्याच्या आधी गोळा केलेली असते, त्यामुळं ५८ च्या पुस्तकात नाव दिसलं तर कारखाना बहुतेक ५७ मध्येच उभा होता. आणि डिरेक्टरी तुम्हाला पत्ता देईल, गोष्ट देणार नाही.

कंपनीची फाइल हे तिसरं, आणि यावरच लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. आसिकच्या (ASIC, म्हणजे इथलं कंपन्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी खातं) साइटवर नाव शोधणं फुकट, पण मागचे कागद काढायचे तर पैसे. राष्ट्रीय पातळीवरची कंपनी नोंदणी १९९१ ला सुरू झाली आणि धंद्याच्या नावांची तर २०१२ ला, त्याआधी प्रत्येक राज्याचं दुकान वेगळं. १९७० च्या आसपास बुडालेला कारखाना तिथं सापडायची आशा कमी, त्याची फाइल उरलीच असेल तर त्या राज्याच्या अर्काइव्हमध्ये. मी एका अर्काइव्हमधून एक फाइल मागवली, बरेच दिवस वाट बघितली, आली तेव्हा आत सहा कागद, त्यातले दोन तेच पत्र. पण त्या सहातल्या एकावर संचालकांचे घरचे पत्ते आणि धंदे होते, एकजण सुतार, दुसरा पॅनेल बीटर (गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारा), आणि बॉडी तशी का बांधलीये ते मला त्या दोन शब्दांतून कळलं. म्हणून वाया गेले म्हणवत नाही. तरी आधी सरकारी गॅझेट बघा, ते फुकट आहे: न्यू साउथ वेल्सचं ट्रोव्हवरच आहे, व्हिक्टोरियाचं वेगळ्या साइटवर १८३६ ते १९९७. कारखाना बंद कधी झाला, दिवाळखोरीची नोटीस कधी लागली हे गॅझेटमध्ये तारखेसकट असतं. उघडण्याची हौस पेपरात दिसते, मिटण्याची नोंद गॅझेटात.

रचनेत काही वेगळी करामत असेल, म्हणजे घडी होणारी वगैरे, तर पेटंटही बघा. सिडनीच्या प्रॉपर्टवाल्यांची पन्नासच्या दशकातली घडीची कॅरावॅन, वरचा अर्धा भाग खालच्यावर बसतो अशी, आज कॅनबेराच्या नॅशनल म्युझियमच्या संग्रहात आहे. अशी गाडी असेल तर अर्धा अभ्यास म्युझियमवाल्यांनी करून ठेवलेला असतो, आयता घ्या. साध्या चौकोनी डब्याला पेटंट कोण घेतंय.

आणि मग स्वतः गाडी. याला कुणी रिसर्च म्हणत नाही पण मला विचाराल तर एक रविवार आधी इथंच घालवा. ड्रॉबारवरचा (मोटारीला जोडायच्या पुढच्या दांड्यावरचा) रंग तारेच्या ब्रशनं घासा, नंबर ठोकलेला असतो. १९८९ च्या मोटर व्हेइकल स्टँडर्ड्स कायद्याच्या आधीची गाडी असल्यानं आजच्यासारखा सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर शोधत बसू नका, तीनचार आकडे मिळाले तरी खूप. आमच्या गाडीत बेडखालचं लिनोलियम उचकटलं तर खाली पेपर अंथरलेले, ओलीनं चॉकलेटी झालेले, एका कोपऱ्यावर १९६३ ची तारीख नीट वाचता येत होती आणि शेजारी घोड्यांच्या शर्यतीचे निकाल. मी नाचलोच. मग शेजारचे आजोबा, ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर सुतारकाम केलेले, शांतपणे म्हणाले अरे हे लिनोलियम कधी टाकलं त्याची तारीख आहे, गाडीची नाही. खरंय. कपाटाच्या पायाखालून लिनोलियम आरपार गेलंय की कपाटाच्या कडेला कापलंय ते बघायचं असतं. आमचं कापलेलं निघालं, म्हणजे कपाट बसवल्यानंतर टाकलेलं.

हातात ब्रोशर किंवा पावती असेल तर काम फारच सोपं. किंमत पाउंडात म्हणजे १४ फेब्रुवारी १९६६ च्या आधीचं, त्या दिवशी डॉलर आले. पत्त्यापुढं चार आकडी पोस्टकोड म्हणजे १९६७ किंवा नंतरचं. फोन नंबरच्या सुरुवातीला अक्षरं असतील तर त्याहूनही जुनं. या तीन गोष्टींनी मी मित्राकडचं एक ब्रोशर पाच मिनिटांत एका वर्षाच्या आतबाहेर आणलं, एकही फाइल न मागवता.

जुने कामगार भेटले तर जरूर बोला, पण त्यांना साल विचारू नका. साल चुकतंच. कसं बनवायचे ते विचारा: फ्रेम आडवी जोडायचे की उभी, खिडक्या घरच्या की विकतच्या, दिवसाला किती निघायच्या. हे कुठल्याच कागदात नसतं. दिसतं तसं आहे म्हणून कारखाना ठरवू नका एवढंच, कारण माणसं इकडून तिकडं जायची आणि पद्धत सोबत न्यायची. जेको ही कॅरावॅन कंपनी काढणारे गेरी रायन १९७५ च्या आधी व्हायकाउंटमध्ये होते.

तर माझं मत असं. गाडी १९५४ च्या आधीची वाटत असेल तर ट्रोव्ह पहिला, डोळे झाकून. साठ-सत्तरची आणि मेलबर्न-ॲडलेडकडची असेल तर डिरेक्टरी पहिली, ट्रोव्हवर फक्त कॅनबेरा टाइम्स. तशीच पण सिडनीची असेल तर टेलिफोन डिरेक्टरी आणि गॅझेट. भारतात बसून करताय तर लायब्ररीचं काम अडेल, तेव्हा लायब्ररीला ईमेल करा, ग्रंथपालाला विचारा अशी सोय बहुतेक सगळ्यांकडे आहे आणि विचारायला पैसे पडत नाहीत, कॉपी मागवली तर पडतात. कंपनीची फाइल सगळ्यात शेवटी, आणि तीसुद्धा नाव नक्की झाल्यावरच.

आमचं नाव अजून नक्की नाही. डिरेक्टरीतून दोन कारखाने उरलेत, एकाच उपनगरातले. बॅजच्या दोन भोकांमधलं अंतर साडेपाच इंच आहे, कुणाकडे तेवढ्याचा जुना बॅज पडला असेल तर मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवा. छत अजून गळतंय.