क्रिएटिव्ह रायटिंगची एए की इंग्रजीची एए-टी? कॅलिफोर्नियात लेखन शिकू पाहणाऱ्यांसाठी

लिहायला शिकायचं आहे आणि सुरुवात कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून करायची, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, ४६ डॉलर, ६० युनिटांची पदवी, म्हणजे २,७६० डॉलर, हा हिशेब घरी मांडून झाला असेलच. डी अँझा किंवा फुटहिलसारख्या क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे छोट्या सत्रांच्या, कॉलेजांत युनिटला ३१ डॉलर आणि युनिटं ९०, पण बेरीज जवळपास तेवढीच येते. फक्त कॅलिफोर्नियात राहून एक वर्ष आणि एक दिवस झाला नसेल तर थोडं थांबा. अनिवासी विद्यार्थ्यांचा दर कित्येक पटींनी जास्त असतो. मीही थांबलो होतो. सांगलीला बारावी कॉमर्स झाल्यावर आईबाबांबरोबर फ्रीमाँटला काकांकडे आलो आणि ते पहिलं वर्ष एका भारतीय किराणा दुकानात पोती लावण्यात घालवलं.

खरा पेच पडतो तो अर्जावर मेजर, म्हणजे मुख्य विषय, लिहिताना. काही कॉलेजांत क्रिएटिव्ह रायटिंगची स्वतःची एए, म्हणजे दोन वर्षांची असोसिएट पदवी असते. दुसरीकडे इंग्रजीची एए-टी असते, म्हणजे पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर होण्यासाठीच बेतलेली पदवी. लेखनाचे वर्ग दोन्हीकडे घेता येतात. मी पहिल्या वाटेवर दोन वर्षं चाललो, मग दुसरीकडे वळलो. त्यामुळे माझं मत कोरं नाही, हे आधीच सांगतो. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते.

आधी पहिल्या वाटेचं मोठेपण सांगायला हवं, कारण तिथे मला जे मिळालं ते दुसरीकडे इतक्या लवकर मिळालं नसतं. माझ्या कॉलेजात या पदवीसाठी कथा, कविता, आत्मकथन असे वर्ग होते आणि कॉलेजच्या वाङ्मयीन अंकाच्या संपादनाचा एक वर्ग होता. वर्कशॉपची रीत तुम्हाला माहीत असेल. आपलं लेखन आठवडाभर आधी सगळ्यांना द्यायचं आणि चर्चा चालू असताना आपण गप्प बसायचं. मी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर, जमिनीत हळद साठवतात त्या पेवांवर, कथा लिहिली होती. पेव म्हणजे काय, हे वर्गात कुणालाच कळलं नाही. एकाला ती विहीर वाटली, दुसरीला थडगं. मला सारखं तोंड उघडून समजावून सांगावंसं वाटत होतं, आणि रीत अशी की बोलायचं नाही. शेवटी बाई एवढंच म्हणाल्या, ‘कंसात अर्थ देऊ नकोस, माणसाला आत उतरव.’ मी कथा पुन्हा लिहिली. पेव उघडल्यावर आतली कोंदलेली हवा जाईपर्यंत हमाल काठावर बसून राहतो, बिडी काढतो, परत खिशात ठेवतो. नंतरच्या चर्चेत पेव म्हणजे काय, असं कुणी विचारलं नाही. त्या एका दुपारी मी जे शिकलो ते आजही रोज उपयोगी पडतं. म्हणून क्रिएटिव्ह रायटिंगच्या पदवीला कुणी ‘टाइमपास’ म्हटलं की मला वाईट वाटतं.

इंग्रजीच्या एए-टीचा बाज वेगळा. मेजरचे किमान १८ युनिट, त्यात युक्तिवादाचं लेखन, साहित्याची ओळख, मग ब्रिटिश, अमेरिकन किंवा जागतिक साहित्याचे सर्व्हे, म्हणजे आढाव्याचे वर्ग. क्रिएटिव्ह रायटिंगचा प्राथमिक वर्ग यादीतल्या पर्यायांत बसतो, पण पदवीचा गाभा म्हणजे वाचन आणि निबंध. पहिल्या महिन्यात मला ते कोरडं वाटलं. जागतिक साहित्याच्या वर्गात दिलीप चित्रे यांच्या इंग्रजी अनुवादांवरून तुकारामांवर निबंध लिहायला घेतला, तेव्हा कुठे गोडी लागली. लहानपणापासून कानावर पडलेल्या अभंगात ओळ कुठे मोडते आणि का मोडते, हे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. वर्कशॉपमध्ये स्वतःच्या ओळीकडे बघायला शिकलो, इथे दुसऱ्याच्या ओळीपाशी थांबायला. पहिल्या दोन वर्षांत यातल्या कशाची जास्त गरज असते, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला या दुसऱ्या गोष्टीची होती आणि ते मला उशिरा कळलं.

पण मी वाट बदलली ती अभ्यासक्रमासाठी नव्हे. एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीनं ते ठरलं.

माझ्या पदवीसाठी कवितेचा वरच्या पातळीचा वर्ग सक्तीचा होता आणि तो फक्त फॉल, म्हणजे शरद ऋतूच्या, सत्रात असायचा. त्यासाठी मी दुकानातली पाळी बदलून घेतली, मालकाला दोन महिने आधी सांगून ठेवलं. सत्र सुरू व्हायच्या तीन दिवस आधी, दुपारी चारला, ईमेल आला: पुरेशी नोंदणी नाही, वर्ग रद्द. अकरा जण होतो आणि कॉलेजला वीस हवे होते. काउन्सेलर म्हणाल्या, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी पुन्हा पाळी बदलली, आणि पुन्हा तसाच ईमेल. त्या वेळी चौदा जण होते.

रद्द होणारा वर्ग नुसता वर्ग नसतो. विद्यापीठाच्या ट्रान्सफरचा अर्ज साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत भरायचा, बऱ्याच ठिकाणी प्रवेश फक्त फॉलला, त्यामुळे एक वर्ग हुकला की अख्खं वर्ष हुकतं. शेजारच्या कॉलेजात तसाच वर्ग चालू होता. तो घेतला तर चालेल का, असं विचारलं, तर उत्तर आलं की अर्ज करा, विभाग पाहील. वरच्या पातळीचे वर्कशॉप प्रत्येक कॉलेजनं आपल्या पद्धतीनं आखलेले असतात, त्यामुळे एकाचं दुसऱ्याकडे आपोआप चालत नाही. माझा अर्ज दोन महिने पडून राहिला.

एए-टीत हे दुखणं मला जवळजवळ जाणवलं नाही. राज्यभरातल्या समान वर्गांना सी-आयडी नावाचा एकच क्रमांक असतो आणि इंग्रजीच्या एए-टीतले वर्ग त्या क्रमांकांभोवतीच बांधलेले आहेत. एका कॉलेजात अमेरिकन साहित्याचा सर्व्हे भरला नाही, तर त्याच क्रमांकाचा वर्ग दुसऱ्या कॉलेजात किंवा ऑनलाइन घ्यायचा. मी तसाच एक वर्ग चाळीस मैलांवरच्या कॉलेजातून ऑनलाइन केला आणि काउन्सेलरबाईंनी पाच मिनिटांत तो मान्य केला. शिवाय या वर्गांना गर्दी असते, शिक्षक होऊ पाहणारेही तेच घेतात. ते रद्द झालेले मी तरी पाहिले नाहीत. सगळीकडे असंच असेल असा माझा दावा नाही. मोठ्या शहरातल्या, भरलेल्या लेखन विभागाच्या कॉलेजात तुमचा अनुभव अगदी उलटा असू शकेल.

पुढचं दार कोणतं उघडतं, हेही बघा. २०१० च्या कायद्यानं आलेल्या या ट्रान्सफर पदव्यांना कॅल स्टेट या राज्याच्या विद्यापीठ-व्यवस्थेत प्रवेशाची हमी आहे. हव्या त्याच कॅम्पसची हमी नाही, पण कुठल्यातरी कॅम्पसची आहे, आणि जुळणाऱ्या मेजरमध्ये तिथे आणखी ६० युनिटांत बीए होते. साध्या एएला ही हमी नाही. इंग्रजीतून आत जाऊन बीएला क्रिएटिव्ह रायटिंगवर भर देता येतो, मी तेच केलं. यूसीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं, गणित वेगळं आहे. यूसीमध्ये क्रिएटिव्ह रायटिंगची स्वतंत्र बीए रिव्हरसाइडला आहे, आणि टॅग ही प्रवेशहमी देणाऱ्या सहा कॅम्पसांतही रिव्हरसाइड आहे. तुमची नजर तिथे असेल तर असिस्टच्या संकेतस्थळावर तुमच्या कॉलेजचे कोणते वर्ग तिथे चालतात, ते आधी बघा. माझ्या या लेखापेक्षा त्या पानावर विश्वास ठेवा.

आणखी दोन बारीक गोष्टी. पास झालेला वर्कशॉप पुन्हा घेता येत नाही. मला कथेचा वर्ग त्याच बाईंकडे पुन्हा करायचा होता, नियमानं नाही म्हटलं. आणि ट्रान्सफरच्या वेळी कम्युनिटी कॉलेजातले जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट धरले जातात. म्हणजे लेखनाचे वर्ग घेतच राहावेत ही ओढ कितीही खरी असली तरी, सत्तरच्या पुढचे युनिट पुढच्या पदवीत मोजले जात नाहीत. मी एए-टीत आल्यावर आधीच्या वर्कशॉपांपैकी प्राथमिक वर्ग मेजरमध्ये बसला, बाकीचे ऐच्छिक युनिटांत गेले. वाया काही गेलं नाही, पण अर्ज करताना बोटं मोजावी लागली.

घरच्यांचं काय, असं आपल्यातले बरेच जण विचारतात. काकांचं म्हणणं होतं, अकाउंटिंग घे आणि लिही रविवारी. ‘असल्या कॉलेजातून कुणी लेखक झालाय का?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. नंतर कळलं की कवी गॅरी सोटो आधी फ्रेस्नो सिटी कॉलेजात होते, तिथून फ्रेस्नो स्टेटला गेले आणि कवी फिलिप लेव्हाइन यांच्याकडे शिकले. काकांना ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या सत्राची पुस्तकं त्यांनी घेऊन दिली. एए-टीचा एक फायदा इथेही झाला. ‘इंग्रजीत बीए करतोय, पुढे शिकवताही येईल’ हे वाक्य बाबांना सांगता आलं आणि ते खरंही होतं.

तरीही एए-टी डोळे झाकून घ्या असं मी म्हणणार नाही. मेजर लिहिण्याआधी एक काम करा. दोन्ही पदव्यांच्या सक्तीच्या वर्गांची यादी समोर ठेवा, कॉलेजची गेल्या दोन वर्षांची वेळापत्रकं काढा आणि त्यातला प्रत्येक वर्ग किती वेळा खरोखर चालला, हे विभागात जाऊन विचारा. कॅटलॉगमध्ये, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत, छापलेला वर्ग आणि भरलेला वर्ग यांत फरक असतो. लेखनाचे सगळे सक्तीचे वर्ग नियमित भरत असतील तर क्रिएटिव्ह रायटिंगची एए घेण्यात काहीच गैर नाही. भरत नसतील तर एए-टी घ्या आणि वर्कशॉप बाजूनं घेत राहा. एकदा ठरलं की मध्ये खंड पडू देऊ नका. सलग शिकत राहिलात तर सुरुवातीच्या वर्षाच्या कॅटलॉगचे नियम तुम्हाला लागू राहतात, हा हक्क खंडानं जाऊ शकतो.

एका प्रकारच्या वाचकाला मात्र हे सगळं लागू नाही. तुमच्याकडे भारतातली पदवी असेल आणि पुढे बीए करायची नसेल, तर या दोन्ही पदव्यांच्या मागे लागू नका. सरळ हवे ते वर्कशॉप घ्या. माझ्या आईनं तसंच केलं. तिची मराठीची बीए सांगलीची. गेल्या फॉलमध्ये तिनं १३८ डॉलर भरून आत्मकथनाचा वर्ग घेतला, संध्याकाळचा, त्याच कॉलेजात. पहिल्या आठवड्यात ती रोज रात्री मला नोंदणीचा आकडा बघायला लावायची. एकवीसवर थांबला. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, याबद्दल तिनं पहिलं प्रकरण लिहिलंय. बाबा म्हणतात सातवी, ती म्हणते नववी.