अठरानंतरचं पालकत्व: स्थानिक स्तर समितीची सेवा कितपत कामाची?

दिव्यांग मुलाची विशेष शाळा सुटते, कामासाठी कार्यशाळा ठरते, बसचा पासही निघतो, आणि घोडं अडतं ते बँकेत. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. अल्पवयीन म्हणून उघडलेलं खातं मग नव्या कागदांशिवाय चालत नाही. कोर्टाची वाट न धरता हा पेच सोडवते राष्ट्रीय न्यास कायद्याखालची (१९९९) स्थानिक स्तर समिती, म्हणजे अशा सज्ञान मुलांसाठी पालक नेमणारी जिल्ह्यातली समिती. तिचं पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेचंही सांगणं आहे.

सेवा चांगली, पण सगळ्यांसाठी नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांनाच ती मिळते. फक्त अंधत्व, कर्णबधिरत्व किंवा मानसिक आजार असेल तर इथे हेलपाटे घालू नयेत.

आई-वडिलांनी फॉर्म ए, म्हणजे पालकत्वाचा अर्ज, एकत्र भरावा. खरी गफलत कागदांच्या क्रमात होते. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र १८व्या वर्षी नव्याने घ्यावं लागतं आणि तेच पुढे आयुष्यभर चालतं. म्हणजे आधी सिव्हिलमधली तपासणी, मग पालकत्वाचा अर्ज. आधार, शाळेचा दाखला आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) यांवरची नावं सतराव्या वर्षीच जुळवून घ्या. 'कुमार' किंवा आडनावातली एखादी वेलांटीसुद्धा नडते.

समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी बसायचं, असं कायदा म्हणतो. त्यामुळे अर्ज दिला आणि पंधरवड्यात काम झालं, अशी आशा नको.

पालक हवा का, आणि हवा तर कशापुरता, हे समितीने तपासायचं असतं. इथे सरसकट 'सगळ्यासाठी' लिहून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. स्वतःचा पगार मोजून घेणाऱ्या मुलाचा खिसा कशाला काढून घ्यायचा?

प्रमाणपत्र मिळाल्यावर काम संपत नाही, आणि या सेवेत सर्वांत कमी सांगितली जाणारी बाब हीच. सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची आणि देण्या-घेण्याची यादी समितीला द्यायची. पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. तेव्हा मुलाच्या पैशांसाठी वेगळी वही घाला, घरखर्चात मिसळू नका.

आणखी एक. पालक भारतीय नागरिक असावा लागतो. आपल्यामागे अमेरिकेतला मुलगा बघेल, असं ठरवून बसलेल्यांनी त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे आधी विचारून घ्यावं.