डबा हातात घेतलेला गायक: बिल विदर्स यांचा ‘जस्ट ॲज आय ॲम’

अमेरिकी गायक बिल विदर्स यांच्या ‘जस्ट ॲज आय ॲम’ या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर विटांच्या भिंतीशी उभा असलेला, हातात जेवणाचा डबा धरलेला एक कामगार दिसतो. हे छायाचित्र खास सजावट करून काढलेले नाही. लॉस एंजेलिसजवळच्या ज्या कारखान्यात विदर्स विमानांतील शौचालयांचे सुटे भाग तयार करत, त्याच कारखान्यापाशी जेवणाच्या सुट्टीत ते टिपले गेले. कुपवाड एमआयडीसीत टर्नरचे काम करणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना मी हे चित्र दाखवले, तेव्हा हा गायक कोण, कुठल्या देशाचा, असे काही न विचारता ते एवढेच म्हणाले, “सेकंड शिफ्टवाला दिसतोय.” १९७१ साली निघालेला हा अल्बम ऐकण्यासाठी याहून अधिक पूर्वतयारीची गरज आहे, असे मला वाटत नाही.

वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणींच्या मुलखात जन्मलेले विदर्स लहानपणापासून तोतरे बोलत. त्यांनी नौदलात नऊ वर्षे काढली, मग कारखान्यात काम धरले, आणि पहिला अल्बम आला तेव्हा ते तिशी ओलांडून गेलेले होते. गाण्याचा धंदा बेभरवशाचा, म्हणून हातची नोकरी सोडायला ते तयार नव्हते. बुकर टी. जोन्स यांच्यासारखा मुरलेला संगीतकार निर्माता म्हणून लाभला, स्टीफन स्टिल्स यांची गिटार लाभली, तरी या बारा गाण्यांत कोठेही ‘आता मी कलावंत झालो’ असा आव नाही. सोल संगीताचे, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या भावोत्कट गायकीचे, नाव काढले की आपल्याला टिपेला गेलेला आवाज, घाम आणि आकांत आठवतो. विदर्स मात्र बोलल्यासारखे गातात, आणि रोजच्या विवंचना सांगताना ऐकणाऱ्याकडे सहानुभूती मागत नाहीत. या अल्बमचे खरे मोल मला या संयमात दिसते.

पहिलेच गाणे ‘हार्लेम’, न्यूयॉर्कमधील त्या नावाच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीवरचे. उन्हाळ्याच्या रात्री उकाड्याने झोप नाही, हिवाळ्यात खोली तापवणारे यंत्र गार पडलेले आणि घरमालकाला त्याचे सोयरसुतक नाही, शनिवारी रात्री मात्र सारे काही झकास, आणि रविवारी सकाळी नटूनथटून देवळाकडे निघालेली माणसे, तिथेही वर्गणीसाठी पुढे केलेला हात. कडव्यागणिक सूर एकेक पायरी वर चढत जातो, पण गाणाऱ्याचा त्रागा मात्र वाढत नाही. त्यामुळे वस्तीचे वर्णन ऐकता ऐकता आपणच त्या गल्लीतून चालू लागतो. दोन बाजूंना एकेकच गाणे असलेली एकल तबकडी (सिंगल) काढताना कंपनीने हेच गाणे पुढच्या बाजूला ठेवले होते. रेडिओवाल्यांनी ती उलटवून मागची बाजू वाजवली आणि ‘एन्ट नो सनशाइन’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. पुढे त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. त्याच्या विक्रीचा टप्पा साजरा करताना कंपनीने विदर्स यांना सोनेरी रंगाची कमोडची सीट भेट दिली, हा किस्सा अल्बमच्या वृत्तीला शोभणाराच आहे.

या प्रसिद्ध गाण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. मधल्या कडव्यात विदर्स ‘आय नो’ हे दोनच शब्द सलग सव्वीस वेळा म्हणतात. तेथे खरे तर वेगळे शब्द लिहायचे होते, परंतु सोबतच्या वादकांनी ‘आहे तसेच राहू दे’ असा आग्रह धरला. ताल अंगावर ओढून घेत, न थांबता केलेली ही पुनरुक्ती ऐकताना मिरजेच्या दर्ग्यातील संगीत सभांत कान तयार झालेल्या रसिकाला नवल वाटणार नाही. ज्या परिसरात अब्दुल करीम खाँ राहिले आणि गायले, तिथल्या श्रोत्यांना एकाच बोलावर रेंगाळून भाव गडद करण्याची रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

‘ग्रँडमाज हँड्स’ हे गाणे माझ्या मते या संग्रहातील सर्वांत श्रेष्ठ आहे. दोन मिनिटांच्या या गाण्यात आजीच्या थोरवीविषयी एकही विशेषण नाही. आहेत ते फक्त तिचे हात. रविवारी देवळात टाळ्या वाजवणारे, नातवाला ‘एवढा पळू नकोस, काचेवर पडशील’ असे बजावणारे, गावातल्या अविवाहित आईला धीर देणारे, कधी ठणकणारे नि सुजणारे हात. आपल्याकडे आई-आजीवरची गाणी वात्सल्याच्या उपमांनी इतकी ओथंबलेली असतात की ती बाई दिवसभर काय करत होती हे शेवटपर्यंत कळत नाही. आपल्या गीतकारांनी हे गाणे एकदा तरी शांतपणे ऐकावे.

दुसऱ्या बाजूकडील ‘आय ॲम हर डॅडी’ या गाण्याचा फारसा बोलबाला झाला नाही, पण ते चुकवू नये. आपल्याला सहा वर्षांची मुलगी आहे हे एका माणसाला उशिरा कळते आणि तो तिच्या आईला प्रश्न विचारत राहतो. उत्तर ऐकू येत नाही. राग, अपराधीपण आणि कुतूहल यांची अशी सरमिसळ फार थोड्या गायकांना साधते.

सगळेच असे जमलेले नाही. ‘लेट इट बी’ आणि ‘एव्हरीबडीज टॉकिन’ ही इतरांची गाणी विदर्स नेटकी गातात, परंतु स्वतःच्या अनुभवावर उभ्या असलेल्या अल्बममध्ये ती पाहुण्यासारखी वाटतात. ‘डू इट गुड’ ऐकून सोडून द्यावे. शेवटच्या ‘बेटर ऑफ डेड’मध्ये दारूपायी बायकामुले गमावलेला माणूस आपली कहाणी सांगतो आणि गाणे बंदुकीच्या आवाजाने संपते. अकरा गाण्यांत जपलेला तोल त्या एका आवाजाने ढळतो. शब्दांनी जे आधीच सांगितले होते, ते पुन्हा ठणकावून सांगण्याची गरज नव्हती.

पस्तीस मिनिटांचा हा अल्बम गाणी ऐकवणाऱ्या नेहमीच्या ॲपवर सहज मिळतो. तबकडीच हवी असेल तर नव्याने छापलेली प्रत ऑनलाइन मागवावी लागेल. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नये, कारण बेस आणि ड्रम्स इतके मोजके वाजवले आहेत की ते त्यात विरून जातात, आणि साध्या आवाजाला दिलेला तो आधारच हरवतो. बरे इअरफोन लावून पहिल्या बाजूची पहिली तीन गाणी क्रमाने ऐकावीत. ती आवडली नाहीत, तर पुढे जाण्याचा खटाटोप करू नये.