वार्सोम आणि रेगॉब्स: ओस्लोत अख्खा हिवाळा वापरल्यावर

गेल्या आठवड्यात एका हवामान अ‍ॅपची वर्षाची वर्गणी कार्डावरून परस्पर कापली गेली. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. तापमान, वारा, रंगीत नकाशे सगळं आहे त्यात, पण तळ्यावरचा बर्फ किती जाड झालाय याबद्दल अक्षर नाही. आणि लेकीला स्केटिंगला न्यायचं तर मला नेमकं तेवढंच हवं असतं. वर्गणी बंद करून टाकली. रोजच्या हवामानाला इकडचं फुकटचं ‘यर’ पुरेसं आहे, आणि बर्फासाठी इशारे देणारं वार्सोम व लोकांच्या नोंदींचं रेगॉब्स. दोन्ही नॉर्वेच्या जलसंपदा आणि ऊर्जा संचालनालयाचे, म्हणजे एनव्हीईचे. एक क्रोनसुद्धा लागत नाही.

वार्सोमवरचे पिवळा, नारिंगी, लाल इशारे इथे राहणाऱ्यांना ठाऊकच आहेत. हिमस्खलनाचा भाग उत्तम. दुसऱ्या दिवसाचा अंदाज दुपारी चारच्या आत येतो, इंग्रजीतही असतो. ओस्लो ‘ब’ गटात, म्हणजे रोज अंदाज न निघणाऱ्या भागांत, असल्यामुळे धोका पाचपैकी ४ किंवा ५ वर गेला तरच आपल्याकडे इशारा निघतो; उत्तरेला ट्रॉम्सो, लिंगेनकडे हंगामात रोज असतो. दरडींच्या इशाऱ्याची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. तो पाऊस आणि वितळणाऱ्या बर्फामुळे येणाऱ्या दरडींचा असतो. ३० डिसेंबर २०२० ला ओस्लोजवळच्या यार्द्रुममध्ये चिकणमातीचा उतार खचून १० जण गेले. तसल्या भूस्खलनाचा रोजचा अंदाज यात मिळत नाही.

आता बर्फ. डिसेंबरात लिहायला बसले असते तर तीनच तारे दिले असते. रेगॉब्सवर नोंदी लोकच टाकतात, आणि हंगामाच्या सुरुवातीला आमच्या बाजूच्या तळ्यांवर फारशा नोंदी नव्हत्या. ज्या होत्या त्यांतल्या काहींत नुसता एक फोटो आणि ‘बर्फ चांगला’ एवढंच. अशा नोंदीवर पोराला बर्फावर कोण सोडेल?

जानेवारीपासून मत बदललं, ते थरांच्या नोंदींमुळे. बर्फाला भोक पाडून मोजणारी माणसं एकच आकडा देऊन थांबत नाहीत. वर भुसभुशीत बर्फ किती, मधला पांढरा दुधी थर किती, खालचा काळा पारदर्शक थर किती, हे वेगवेगळं भरतात. समजा नोंदीत एकूण २० सेंमी आहे. त्यातला १२ पांढरा आणि ८ काळा असेल तर, हिशेबात पुरेसा भरला तरी, मी लेकीला नेत नाही. एनव्हीईचा सल्ला पायी चालण्यासाठी किमान १० सेंमी काळ्या घट्ट बर्फाचा आहे, आणि पांढऱ्याची ताकद त्याच्या साधारण निम्मी धरतात. पांढरा थर होतो असा: ताज्या बर्फाच्या ओझ्याने खालचा थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं, वरचा बर्फ भिजतो आणि तसाच गोठतो. शिवाय वरचा बर्फ गोधडीसारखा थंडी अडवतो, म्हणून उणे १० मध्येसुद्धा खालचा थर फार हळू वाढतो. नुसतं तापमान दाखवणाऱ्या अ‍ॅपला यातलं काय कळणार? ‘आठवडाभर उणे आहे, चला सोग्न्सवानला’ (ओस्लोतलं एक तळं) असे निरोप आमच्या ग्रुपवर येतात तेव्हा मी उत्तरात थरांची ताजी नोंदच पाठवते. तारीख तपासून पाठवते, कारण जुन्या नोंदीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

कमकुवत बर्फाच्या जागा दाखवणारा नकाशाही बघाच. इथली वीज बहुतेक पाण्यापासून होते, त्यामुळे शांत दिसणारी कितीतरी तळी मुळात जलाशय आहेत. हिवाळ्यात पाणी सोडलं की पातळी उतरते, काठाजवळचा बर्फ अधांतरी राहतो आणि तडकतो. ओढा मिळतो तिथे, पाणी बाहेर पडतं तिथे, अरुंद सामुद्रधुनीसारख्या जागी बर्फ पातळच असतो. मधोमध कितीही जाड असला तरी.

वापरातली एक अडचण म्हणजे फोन थंडीत बंद पडतो. तो अ‍ॅपचा दोष नाही. फोन आतल्या खिशात ठेवा. नकाशे घरूनच उतरवून घेता येतात, आणि रेंज नसेल तर नोंद भरून ठेवून नंतर पाठवता येते.

माझी कळकळीची विनंती नोंदी टाकणाऱ्यांना आहे. भोक पाडलंच आहे तर थर वेगळे भरा, पट्टी लावलेला फोटो टाका, जागा नकाशावर नीट लावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी मूल बर्फावर उतरणार असतं.

पुण्या-मुंबईहून मार्च-एप्रिलमध्ये येणाऱ्यांनी एवढं तरी वाचाच. वसंतातल्या उन्हाने बर्फाचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटू लागतात. नोंदीत ३० सेंमी दिसेल, पण सकाळी वजन पेलणारा तोच बर्फ दुपारी पायाखालून जाऊ शकतो. त्या दिवसांत जाडीचा आकडा सोडून द्या आणि फोटो काठावरूनच काढा.