‘ग्राइंडहाउस’: सलग पाहावा की सुटा?

रॉबर्ट रॉड्रिग्ज आणि क्वेंटिन टॅरँटिनो यांनी २००७ साली अमेरिकेत ‘ग्राइंडहाउस’ आणला तो एका तिकिटात दोन सिनेमे म्हणून: आधी ‘प्लॅनेट टेरर’, मग ‘डेथ प्रूफ’, एकूण १९१ मिनिटं. पुढे दोन्ही लांबवून वेगवेगळे आले.

सुटा ‘डेथ प्रूफ’ जवळपास अर्ध्या तासाने मोठा आहे. जोडीत लॅप डान्स सुरू होणार तेवढ्यात ‘रीळ गहाळ’ अशी पाटी येते. सुट्या आवृत्तीत तो नाच दिसतो. मला पाटीच जास्त आवडते. सत्तरच्या दशकातल्या ‘ग्राइंडहाउस’ म्हणवल्या जाणाऱ्या स्वस्त थिएटरांत झिजलेल्या प्रिंटा अशाच तुटक दिसायच्या, आणि मानवंदना त्या अनुभवालाच आहे. दोन सिनेमांमधले, अस्तित्वातच नसलेल्या सिनेमांचे खोटे ट्रेलरही सलग पाहण्यातच खुलतात (त्यातल्या ‘थँक्सगिव्हिंग’चा २०२३ साली खराच सिनेमा झाला!).

तीन तासांहून लांब बैठक जमत नसेल, गप्पांचे प्रसंग निवांत ऐकायचे असतील, तर सुटाच बरा. पण आधी ‘प्लॅनेट टेरर’मधल्या झोंब्यांचा रक्तबंबाळ गोंधळ पाहून झाल्यावर धावत्या डॉज चॅलेंजरच्या बॉनेटवर स्वतः लटकलेली स्टंट कलाकार झोई बेल दिसते, तेव्हा पोटात खरोखर गोळा येतो. माझं मत सलगलाच.