शॉर्ट्स आधी की मोठे व्हिडिओ आधी? शेतीचं छोटं चॅनेल वाढवायचं असेल तर

नवीन चॅनेलवाले बहुतेक सगळे इथेच अडकतात, शॉर्ट्स टाकून पटापट सबस्क्राइबर वाढवायचे की दहा-बारा मिनिटांचे व्हिडिओ करत बसायचं. नोकरी नाहीतर बाग सांभाळून दोन्ही नीट होत नाही, त्यामुळे वर्षाचं प्लॅनिंग करायच्या आधी हे एक ठरवून टाका. मी इथे नाशिककडचं द्राक्षाचं चॅनेल डोळ्यासमोर ठेवून लिहितोय.

आधी यूट्यूबची अट बघू. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्राइबर तर लागतातच, शिवाय एकतर १२ महिन्यांत ४००० तास वॉच टाइम (लोकांनी व्हिडिओ बघण्यात घालवलेला वेळ) नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज. १ कोटी म्हणजे रोजचे १ लाख ११ हजारांच्या वर, तेही सलग तीन महिने! ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं, माणूस सरासरी ४ मिनिटं थांबला तर ६० हजार व्ह्यूजमध्ये काम होतं. आणि शॉर्ट्स फीडमध्ये लोकांनी घालवलेला वेळ या ४००० तासांत धरत नाहीत, हे खूप जणांना उशिरा कळतं. जाहिरातीतला वाटा मोठ्या व्हिडिओला ५५ टक्के, शॉर्ट्सला ४५, आणि ८ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मध्येही जाहिरात लावता येते.

शॉर्ट्सची बाजू पण खरी आहे. नवीन चॅनेलला ओळखणारं कोणी नसतं तेव्हा अनोळखी माणसांपर्यंत तेच पोचवतात, शूटिंग-एडिटिंग एका संध्याकाळी उरकतं. पण स्क्रोल करता करता आलेला माणूस स्क्रोल करतच निघून जातो, आकडा वाढतो आणि पुढचा मोठा व्हिडिओ टाकला की बघायला कोणी नाही.

आता शेतकरी कसा येतो ते बघा. सकाळी पानावर तेलकट पिवळे डाग दिसले की तो बागेत उभ्या उभ्याच 'डावणी उपाय' असं सर्च करतो (डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग), त्याला अडचण आत्ता आहे, तो दहा मिनिटं शांतपणे ऐकतो आणि पुढच्या वर्षी तेच डाग दिसले की परत येतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, माहितीचं चॅनेल असेल तर मोठे व्हिडिओ आधी.

आणि प्लॅनिंग बागेच्या कॅलेंडरवर करा, 'दर रविवारी एक व्हिडिओ' असं नको. एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (फळासाठी), मग पेस्टिंग (काडीवरचे डोळे, म्हणजे कळ्या, एकसारखे फुटावेत म्हणून औषध लावणं), थिनिंग (घड-मणी विरळ करणं), डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), प्रत्येकाचा व्हिडिओ दोन-तीन आठवडे आधी चॅनेलवर असला पाहिजे कारण छाटणी झाल्यावर पेस्टिंगचा व्हिडिओ आला तर त्याचा कोणाला उपयोग? नाशिक जिल्ह्यातल्याच बागलाण तालुक्यात अर्ली म्हणजे हंगामाआधीची छाटणी असते, तिकडचे प्रेक्षक असतील तर अजून लवकर. शूटिंग मात्र आदल्या हंगामातच करून ठेवावं लागतं, ही खरी मेहनत आहे आणि म्हणूनच फार कमी जण करतात.

शॉर्ट्स सोडायचे नाहीत, त्याच व्हिडिओतला डोळा फुटतानाचा क्लोजअप किंवा डाग ओळखायची खूण ४० सेकंदांत कापा आणि 'रिलेटेड व्हिडिओ'मध्ये मोठा व्हिडिओ जोडा. डिस्क्रिप्शनमध्ये लिंक टाकून काही होत नाही, शॉर्ट्समध्ये ती क्लिकच होत नाही.

कॉमेडी, गावाकडची रांगोळी, बैलजोड्या असं चॅनेल असेल तर मात्र उलटं करा, तिथे कोणी सर्च करून येत नाही, शॉर्ट्सच आधी.

तीन महिन्यांनी यूट्यूब स्टुडिओत सबस्क्राइबर बघत बसू नका, ट्रॅफिक सोर्समध्ये (प्रेक्षक कुठून आले ते) सर्चचा वाटा वाढतोय का आणि परत येणारे प्रेक्षक किती ते बघा. सर्च वाढतोय पण लोक पहिल्या मिनिटातच जातायत तर विषय बरोबर आहे, सुरुवात लांबलीय, नमस्कार-चमत्कार कापा आणि थेट डाग दाखवा.