अनरॅव्हल टू : सहा वर्षांच्या नातवाबरोबर खेळायचा असेल तर

लहान मुलाला शेजारी घेऊन एकाच टीव्हीवर खेळता येईल असा गेम शोधत असाल, तर माझं मत आधीच सांगून टाकते : ‘अनरॅव्हल टू’ घ्या. माझा नातू 6 वर्षांचा, पहिलीत आहे. मी 58 वर्षांची. आम्ही दोघांनी मिळून हा गेम शेवटपर्यंत नेला. मुलगा आणि सून नोकरीला जातात, त्यामुळे शाळा सुटल्यावर घरात आम्ही दोघंच. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पोरांना गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) जायची बंदी, मग टीव्ही आलाच. एकट्याने कार्टून बघत बसण्यापेक्षा दोघांनी मिळून काहीतरी करावं असं मला वाटत होतं.

गेममध्ये यार्नी नावाची लोकरीची दोन छोटी बाहुली आहेत. वादळात एक यार्नी किनाऱ्यावर फेकला जातो, त्याचा धागा तुटतो. तिथे त्याला दुसरा भेटतो, दोघांच्या धाग्यांची टोकं एकमेकांत बांधली जातात आणि तिथून पुढे सगळा गेमभर दोघं त्या धाग्याने जोडलेले राहतात. मी येवल्याची. माहेरी पैठणीचे माग होते, त्यामुळे धाग्याकडे माझं लक्ष आधी जातं. या गेममधला धागा बघत राहावा असा आहे. ओढ बसली की ताठ होतो, सैल सोडला की लोंबतो, फांदीवरून गेला तर फांदीला वळसा घेऊनच पुढे येतो. स्वीडनच्या कोल्डवुड इंटरॅक्टिव्हने हा गेम 2018 मध्ये काढला. त्यांचे मार्टिन साहलिन यांनी पहिला यार्नी म्हणे जंगलात मुक्कामाला असताना तार आणि लोकर वळून केला होता. हाताने केलेल्या वस्तूचा जीव पडद्यावरही जाणवतो.

आता खेळण्याबद्दल. पडदा एकच, मधोमध दोन भाग केलेले नाहीत. एक कंट्रोलर, म्हणजे हातात धरायचं बटणांचं यंत्र, त्याच्याकडे, एक माझ्याकडे. पळायचं, उड्या मारायच्या, धाग्याने खिळ्याला किंवा फांदीला लटकून झोका घ्यायचा, दोन ठिकाणी गाठ मारून पूल करायचा. पण खरी मजा एकाने दुसऱ्याला धरण्यात आहे. एक वर कड्यावर उभा राहतो, दुसरा त्याच्या आधाराने खाली उतरतो, खालचं काम करतो, मग वरचा त्याला ओढून घेतो. पहिल्यांदा अशी जागा आली तेव्हा नातू धाग्याला लटकून खाली गेला आणि मधेच अडकला. मी वरून नुसती बघत होते. तो ओरडला, “आजी, ढील दे ना!” हा शब्द त्याने येवल्याच्या गच्चीवर उचललेला. संक्रांतीला आम्ही त्याला तिथे नेतो, माझे भाऊ आसारी (मांजा गुंडाळायची फिरकी) घेऊन पतंग उडवतात आणि सगळ्या गच्च्यांवरून तेच ओरडणं चालू असतं. तेव्हापासून आमचं सगळं खेळणं त्याच भाषेत होतं. ढील दे, खेच, थांब, धर, आता सोड. गेममध्ये कोणी बोलत नाही, गोष्ट सगळी चित्रातून कळते, त्यामुळे इंग्रजी वाचता न येणाऱ्या पोराचंही काही अडत नाही. बोलणं सगळं आपलं आपल्याला करावं लागतं, आणि ते भरपूर होतं.

धाग्याला लांबी ठरलेली आहे, हे मला सगळ्यात आवडलं. मुलं पुढे पळतात. नातू तर नेहमीच. इथे तो पळाला की धागा संपतो आणि त्याला थांबावंच लागतं. मी रागावत नाही, गेम त्याला हरवत नाही, फक्त पुढे जाता येत नाही. पहिले काही दिवस तो धागा संपला की माझ्याकडे बघून कुरकुर करायचा. मग आपोआप मागे वळून बघायला लागला, “आजी, आलीस का?” विचारायला लागला. मोठ्यांनाही तोच नियम. मुलगा रविवारी खेळायला बसला की त्याला भराभर पुढे जायचं असतं, पण पोरगं फुलपाखरू बघत उभं असेल तर त्यालाही उभं राहावं लागतं. आधी आम्ही स्वयंपाकाचा एक गेम आणला होता. त्यात घड्याळ टिकटिक करतं, आणि ऑर्डर चुकली की बाप-लेकात भांडण. तो आता बंदच असतो.

दुसरी सोय म्हणजे पाठीवर घेण्याची. अवघड जागा आली की एका यार्नीने दुसऱ्याला आपल्यात सामावून घ्यायचं, मग एकाच कंट्रोलरने दोघं पार होतात. लहान मुलासाठी ही सोय फार मोलाची आहे. पण ऊठसूट वापरू नका. मूल जरा अडखळलं की मोठ्यांचा हात लगेच त्या बटणाकडे जातो, आणि मग मूल नुसतं बघत बसतं. आमच्या घरात नियम केला आहे : ज्याला पाठीवर बसायचं आहे त्याने स्वतः म्हणायचं, दुसऱ्याने ठरवायचं नाही. एका ठिकाणी एकामागून एक झोके घेत पलीकडे जायचं होतं. माझी बोटं तेवढी भरभर चालेनात, तेव्हा मीच म्हटलं, “घे रे मला पाठीवर.” त्याने घेतलं, आणि खाली न पाडता पलीकडे नेलं. संध्याकाळी आई-बाबा आल्यावर दारातच सांगितलं त्याने.

खटकलेल्या गोष्टीही सांगते. यार्नी पुढे जात असतात तेव्हा मागे धूसर माणसं दिसतात. त्यात दोन मुलांची गोष्ट चालू असते, आणि त्यांच्याशी मोठी माणसं वाईट वागतात, अंगावर धावून जातात. नातवाने खेळता खेळता विचारलं, “ते काका त्यांना का मारतात?” आम्ही गेम थांबवला आणि बोललो. मुलं पळून जातात, एकमेकांना धरून राहतात, हे त्याला समजलं आणि पटलंही. पण मुलाला एकट्याला सोडून स्वयंपाकघरात जाण्याजोगा हा गेम नाही, शेजारी बसा. पाठलागाच्या जागाही लहानांना घाबरवतात. एक मोठा पक्षी मागे लागतो, त्या वेळी नातू सरळ माझ्या मांडीवर येऊन बसला. पुढची प्रकरणं कठीण होत जातात. मुख्य प्रकरणं 7 आहेत. त्याशिवाय 20 वेगळी आव्हानं आहेत, ती मुलाच्या बाबांसाठी ठेवा.

आणखी एक. हा इंटरनेटवरून दोन घरांत बसून खेळता येत नाही. माझी मुलगी पुण्याला असते, तिला भाच्याबरोबर खेळायचं होतं, ते जमलं नाही. ती दिवाळीला आली तेव्हाच खेळली.

‘इट टेक्स टू’ हा दुसरा गेम घ्यावा का, असं सुनेच्या मैत्रिणी विचारतात, कारण त्याला 2021 चा वर्षातला सर्वोत्तम गेम असा पुरस्कार मिळाला आहे. तोही दोघांनीच खेळायचा, आणि बनवला फार सुंदर आहे. पण त्यात घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे आई-बाप आहेत, आणि मुलीच्या लाडक्या हत्तीच्या बाहुलीचं ते दोघं जे करतात ते 6 वर्षांच्या मुलाने बघू नये असं मला ठामपणे वाटतं. युरोपात तो 12 वर्षांपुढच्यांसाठी धरतात. नातू मोठा झाला की घेऊ.

‘अनरॅव्हल टू’ प्ले-स्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेंडो स्विच ही टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं आणि कॉम्प्युटर, सगळ्यांवर मिळतो. आमच्याकडे प्ले-स्टेशन आहे. खर्च वाढतो तो दुसऱ्या कंट्रोलरचा. नाशिकच्या एम. जी. रोडवर घ्यायला गेलात तर मुलाला बरोबर न्या आणि त्याच्या हातात देऊन बघा. छोट्या बोटांना मागची बटणं पोचतात का, ते दुकानातच कळतं.